पाण्यात आठ, काठावर सात

मी, चारुलता चिंतामण आठल्ये, वय वर्षे ४३, अविवाहित, मूळ राहणार गावभाग, सांगली, धंदा नाटक-सिनेमाच्या बातम्या लिहिणे व मुंबईच्या टेलिव्हिजनवर मुलाखती घेणे, हल्ली मुक्काम सातारा, आज मंगळवार ता. ६ जून १९७८ रोजी माझ्या मागे काय व्हावे ते लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे; डॉ. नानासो पिसाळ यांनी सकाळी मला तपासून तसा दाखला दिला आहे. ‘कोणाच्याही धाकाशिवाय’ असे पुढे लिहायची रीत आहे, आणि वकिलांनी ते घालाच म्हणून बजावले आहे. मला ते तसेच्या तसे लिहिता येत नाही. धाक आहे, आणि वर्षभर आहे. मात्र या कागदात काय लिहावे हे मला कोणी सांगितलेले नाही.

परवा गुरुवारी साताऱ्याच्या कोर्टात माझी साक्ष आहे. कोर्ट इथून पायी दहा मिनिटांवर आहे. तेवढे अंतर माझ्याने पार होईल याची मला खात्री नाही, म्हणून हे आज लिहिते.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मैत्रीण विजयमाला भोईटे हिने करावी. ती इथल्या मुलींच्या शाळेची मुख्याध्यापिका आहे आणि गेले आठ महिने मी तिच्याच घरी राहते. खिडकीपाशी बसायचे नाही, दार वाजले तर आधी आवाज ओळखायचा, बाहेर पडायचे ते शाळा सुटताना, मुलींच्या घोळक्यातून, असे नियम मी तिच्या घराला लावले आणि तिने ते पाळले. माझी सगळी पुस्तके तिची.

कलम २. सांगलीच्या घरातील माझा निम्मा हिस्सा. हा माझा धाकटा भाऊ हरी याला न देता त्याची पत्नी सौ. पद्मा हिला देत आहे. कारण लिहिलेच पाहिजे. मार्च महिन्यात हरी साताऱ्याला आला. चहा घेतला नाही. म्हणाला, “चारूताई, आठवत नाही म्हण. चार वर्षं झाली. माणूस विसरतोच.” त्याच्या दुकानी कोण येऊन बसले होते ते त्याने सांगितले नाही, पण बोलताना त्याचा हात सारखा गळ्याशी जात होता. त्याला माझा राग आहे, मला त्याचा आहे, आणि आम्ही दोघे घाबरलेले आहोत, एवढेच खरे. जाताना पद्मा मागे थांबली. पायांत चपला घालता घालता हळूच म्हणाली, “वन्सं, यांचं ऐकू नका. मला दोन मुली आहेत.” घर तिचे.

कलम ३. माझ्या धंद्याच्या वस्तू. माझे वडील नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. विंगेत उभे राहून नटांना विसरलेले शब्द पुरवायचे. सांगलीत त्यांचा आवाज कोणी ऐकला नाही, पण त्यांच्याशिवाय प्रयोग उभा राहत नसे. त्यांच्यामुळे मला नाटकवाल्यांत मोकळे फिरता आले, आणि एकविसाव्या वर्षी मी ‘रंगवार्ता’ साप्ताहिकात ‘पडद्याआड’ हे सदर लिहू लागले. वीसएक वर्षे लिहिले. ७३ साली मुंबईला ‘या, बसा’ हा मुलाखतींचा कार्यक्रम मिळाला. दर गुरुवारी संध्याकाळी दोन वेताच्या खुर्च्या, एक पाहुणा आणि मी. सांगलीला चित्र पोचत नव्हते. आईला पाहता यावे म्हणून एकदा तिला खंडाळ्याला एका बागाईतदाराच्या घरी नेऊन बसवले. त्यांनी उंच बांबूवर अँटेना लावली होती. आई एवढेच म्हणाली, “तू ऐकताना मान फार हलवतेस. समोरच्याला वाटतं, त्याचं सगळं पटलं तुला.”

ते तिने मुलाखतींबद्दल म्हटले होते. मला आता ते फार लागते.

साड्या विजयमालेने शाळेतल्या शिपाईबायांना वाटाव्यात. लोक पत्रांत ‘तुमची ती काळी साडी’ म्हणून लिहीत. ती लाल आहे, पडद्यावर काळी दिसे. प्रेक्षकांच्या पत्रांच्या दोन ट्रंका आहेत. त्या जाळल्या तरी चालतील. टेपरेकॉर्डर व मुलाखतींच्या फिती सांगलीच्या वाचनालयाला द्याव्यात.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही. साक्षीआधी मला काही झाले तर ते कोर्टापुढे ठेवावे.

शनिवार ता. २१ सप्टेंबर १९७४. निर्माते लालासाहेब रणनवरे यांनी आम्हा सिनेपत्रकारांना शूटिंग पाहायला महाबळेश्वरला नेले होते. आठवडाभर पावसाने कोणी खोलीबाहेर पडले नव्हते. त्या सकाळी ऊन पडले. बाकीचे पत्ते खेळत बसले आणि मी एकटी आकाराम शेलार यांच्या टॅक्सीतून तापोळ्याच्या बाजूला खाली ओढ्यावर गेले. गाण्यात आठ मुलींनी हात धरून ओढा ओलांडायचा होता. सगळ्यांना एकसारखी हिरवी लुगडी. पाण्याचा रंग गढूळ होता आणि वरून काटक्या वाहत येत होत्या. एक कामगार म्हणाला, पाणी चढतंय. लालासाहेब म्हणाले, “आठ दिवसांनी ऊन मिळालंय. उतरवा त्यांना.”

रांगेतली शेवटची मुलगी मागे सरकली. एकोणीस-वीस वर्षांची असेल. म्हणाली, “मला पवायला येत न्हाई.”

“गुडघाभर पाणी आहे,” लालासाहेब म्हणाले. “पोहायचंय कुणाला?”

मी वीस पावलांवर होते. हातात वही होती. त्या मध्यावर गेल्या आणि पाणी एकदम कमरेला आले. किंचाळ्या झाल्या, रांग मोडली, एकमेकींना ओढत सात जणी पलीकडे चढल्या. शेवटचा हात सुटला. मला त्या मुलीचे कोपर आणि बांगड्या दिसल्या, मग वळणावरचा खडक दिसला, मग काही नाही. आकाराम काठाकाठाने धावले. अर्ध्या तासाने दोन्ही गुडघे फुटलेले, असे परत आले. तो ओढा कोयनेच्या जलाशयाला मिळतो. मुलगी सापडली नाही.

दुपारी लालासाहेबांनी सर्वांना सांगितले की ती पुढे जाऊन काठाला लागली, तिचा कोणी मित्र न्यायला आला होता, त्याच्याबरोबर गेली. मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, छान लिहा. पुढच्या महिन्यात आमची नायिका तुमच्या कार्यक्रमाला पाठवतो.”

मला खरे माहीत होते. मी मान हलवली.

नायिका आली. त्या गुरुवारनंतर आलेली पत्रे वरच्या ट्रंकेत आहेत. ‘पडद्याआड’मध्ये मी लिहिले होते: ‘हिरव्या लुगड्यांतल्या आठ मुली ओढ्यात मनसोक्त बागडल्या आणि हसत काठावर आल्या.’ हे वाक्य खोटे आहे. ‘रंगवार्ता’च्या संपादकांना विनंती की माझ्या मृत्यूची बातमी छापतील तेव्हा तिच्या शेजारी हेही छापावे.

कलम ५. बनुबाई. त्या मुलीचे नाव साळू. तिची आई बनुबाई रहिमतपूरच्या बाजारात भाजी विकते. मुलगी पळून गेली असा निरोप तिला मिळाला होता आणि गावाने तो खरा मानला. लोक लग्नाकार्याला तिला बोलवीनासे झाले. अडीच वर्षांनी तो चित्रपट जत्रेच्या तंबूत लागला. मुलगी दिसेल म्हणून ती गेली. मग महाबळेश्वरला जाऊन विचारत फिरली. आकाराम तिला एवढेच म्हणाले, “सांगलीच्या आठल्येबाई तितं व्हत्या. त्यास्नी इचारा.” मे ७७ मध्ये ती मुंबईला माझ्या दाराशी आली. पाणीसुद्धा न पिता बोलली.

“मी सात डाव तिकिट काडलं, बाई. ती पाण्यात जाती, तवा आठ असत्यात. मग काठावर नाचत्यात तवा सातच. माजी पोर भाईर येताना कुटंच न्हाई. तुमी तितं व्हता. ती कुटनं भाईर आली, तेवडं सांगा.”

मी सांगितले. ती रडली नाही. तिने विचारले, “मग तवाच का न्हाई सांगितलं?”

१६ जून ७७ च्या गुरुवारी, चित्रपटाला पंचवीस आठवडे झाले म्हणून, लालासाहेब माझे पाहुणे होते. कार्यक्रम थेट जायचा. मी ठरवून गेले होते, तरी पहिली दहा मिनिटे मी नेहमीचेच प्रश्न विचारले. मग मी म्हणाले, “लालासाहेब, त्या गाण्यात पाण्यात आठ मुली उतरतात. काठावर किती येतात?”

ते हसले. “बाई, तुम्ही मोजत बसलात?”

“मी नाही मोजल्या. तिच्या आईनं मोजल्या. साळू कुठं आहे?”

ते म्हणाले की पिक्चर काढताना शंभर माणसे येतात-जातात. वेळ संपली, पडद्यावर फुलांचे चित्र आले. दिवे उतरल्यावर ते उठले, शाल नीट केली आणि अगदी घरच्यासारखे विचारले, “बाई, तुम्हाला पोहता येतं का?”

पुढच्या गुरुवारी मी गेले नाही. मला कोणी काढले नाही. माझेच पाऊल उचलले नाही. बनुबाईला घेऊन पोलिसांकडे मात्र गेले. तेव्हापासून तोच प्रश्न मला टेलिफोनवर विचारला गेला आहे, सांगलीच्या एस. टी. स्टँडवर शेजारून जाणाऱ्या माणसाने विचारला आहे, आणि एकदा बिननावाच्या कार्डावर आला आहे. कार्ड पोलिसांना दिले आहे. मला पोहता येत नाही.

बनुबाईला मी या कागदाने काहीही देत नाही. दिले तर साक्ष ठरवून केली असे विरुद्ध बाजू म्हणेल.

कलम ६. आकाराम शेलार यांच्याविषयी कोणी वाईट बोलू नये. त्यांनीही सगळे पाहिले. त्यांना मी तीनदा विचारले. “बाई, मी फौजेत व्हतो, गोळीला भ्यालो न्हाई,” ते म्हणाले. “पन टॅक्सी ह्याच घाटात चालवायची हाय मला. या कागदावर सही करतो. कोर्टात मातर बोलवू नगा.” मी त्यांना बोलावलेले नाही. पोलिसांनाही त्यांनी काही सांगितले नाही.

कलम ७. माझे दहन साताऱ्यातच करावे. अस्थी कोणत्याही नदीत सोडू नयेत. झाडाखाली पुराव्यात. हरी धर्माचे सांगेल. त्याला सांगावे की ताईची एवढी एक भीती सांभाळ.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, बरोबर आहे.

सही: चारुलता चिंतामण आठल्ये
साक्षीदार: १. नानासो पिसाळ, डॉक्टर. २. आकाराम जोतिबा शेलार, टॅक्सीचालक.
सातारा, ता. ६ जून १९७८

पुरवणी

आज सोमवार ता. २० नोव्हेंबर १९७८. मी जिवंत आहे, म्हणून ही जोड लिहिते. वरची सर्व कलमे कायम.

त्या गुरुवारी, ८ जूनला, विजयमालेने माझा दंड धरून मला कोर्टात नेले. साक्ष तीन तास चालली. लालासाहेबांच्या वकिलांनी ‘पडद्याआड’चे ते कात्रण बाहेर काढले आणि मोठ्याने वाचले. ‘हसत काठावर आल्या.’ मग विचारले, “हे आपणच लिहिलंत?”

“हो.”

“मग तेव्हा खोटं लिहिलंत की आज खोटं बोलताय?”

मागच्या बाकावर हरी बसलेला मला तेवढ्यात दिसला. तो येणार आहे हे मला माहीत नव्हते. मी म्हणाले, “तेव्हा खोटं लिहिलं. मला नायिका हवी होती कार्यक्रमाला.” कारकुनाने ते वाक्य मला पुन्हा सांगायला लावले, कारण त्याला लिहून घ्यायचे होते. मी पुन्हा सांगितले.

जुलैत न्यायाधीशांनी चित्रपट पाहायचे ठरवले. एका सकाळी साताऱ्याच्या थिएटरात आम्ही दहा-बाराजण बसलो. आकारामांनी बनुबाईला रहिमतपुराहून आपल्या टॅक्सीने आणले, पण स्वतः बाहेर गाडीतच बसून राहिले. गाणे आले. मुली पाण्यात उतरू लागल्या तशी बनुबाई बोटाने दाखवत मोजू लागली. आठ. नंतर सात. न्यायाधीशांनी ते गाणे पुन्हा लावायला सांगितले. दुसऱ्या वेळी ते स्वतः पुढे वाकून मोजत होते.

निकाल मागच्या महिन्यात झाला. हयगयीने मृत्यू घडवल्याबद्दल दीड वर्षाची सजा. अपील झाले आहे आणि लालासाहेब जामिनावर बाहेर आहेत. परवा त्यांची गाडी पोवई नाक्यावर पाहिली आणि मी एका कापडाच्या दुकानात शिरून अर्धा तास पातळे पाहत बसले. भीती कमी झालेली नाही, हे प्रामाणिकपणे लिहिते.

पण निकालात एक वाक्य आहे: साळू ही त्या दिवशी त्या ओढ्यात मरण पावली. बनुबाईने ते मला चार वेळा वाचायला लावले. मग तिने चार वर्षांनी मुलीचे दिवस घातले. बाजारातल्या बायका आल्या. ज्यांनी तिला बोलावणे सोडले होते त्याही पंगतीला बसल्या. बनुबाईने त्यांना वाढले आणि कोणाला एक शब्द लावला नाही.

आता साक्ष होऊन गेली, म्हणून माझ्या आईच्या चार पाटल्या, ज्यांचा उल्लेख मी वर मुद्दाम टाळला होता, बनुबाईला द्याव्यात असे आज मी लिहिणार होते. ती इथेच विजयमालेच्या ओसरीवर बसली आहे. विजयमालेने तिला समजावले की ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार व्हायचे नसते, झाले तर मिळालेले जाते. म्हणून सहीला शेजारच्या बाईंना बोलावू.

बनुबाईने विचारले, “म्हंजी एक कायतरी सोडावं लागतंय?”

विजयमाला म्हणाली, “हो. पाटल्या घ्या, किंवा साक्ष घाला.”

“मग पाटल्या ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “ह्या बाई माज्या पोरीच्या साक्षीला हुब्या ऱ्हायल्या. त्येंच्या साक्षीला मी ऱ्हाती. शाई आना.”

पाटल्यांचे कलम रद्द. त्या पद्माच्या मुलींना द्याव्यात.

सही: चारुलता चिंतामण आठल्ये
साक्षीदार: १. नानासो पिसाळ, डॉक्टर.
२. बनुबाई, साळूची आई, राहणार रहिमतपूर, यांच्या डाव्या हाताचा अंगठा.
सातारा, ता. २० नोव्हेंबर १९७८