पाचव्या वाफ्याला खत घालू नये

मी, गल्लीत मुळीवाली म्हणून ओळखली जाणारी, वय चौऱ्याहत्तर, हे लिहिताना डोकं ठिकाणावर आहे. कोणाचाही दबाव नाही. उलट लेक म्हणते, "आई, कशाला अभद्र लिहीत बसतेस?"

१. राहतं घर व बँकेतली ठेव लेकीला. खुरपी, चाळण्या आणि वजनकाटा जावयांना. माणूस आळशी, पण धार छान लावतात.

२. झोपेच्या मुळीचे चार वाफे लेकीने हवे तसे कसावेत. पाचवा माझ्या धाकट्या दिरांना, एका अटीवर: त्याची माती उपाशीच ठेवावी. उपाशी मातीत मुळी बारीक राहते, पण झोप आणणारा कडू अर्क तिच्यातच उतरतो. खत भरपूर झालं की पाला माजतो, मुळी फुगते आणि आत नुसतं पीठ. हे मला त्यांनीच शिकवलं. हल्ली दुपारी त्या वाफ्याशी बसल्या बसल्या डोळा लागतो. मुळ्या अंधारात चाचपडत खाली निघालेल्या दिसतात, मीही त्यांच्यामागून जाते, आणि खाली कोणीतरी जागं असतं.

३. यजमान आजारी पडले त्या साली त्यांची झोप उडाली. दिरांनी मुळी कुटून दिली. काडीचाही गुण आला नाही. शेवटचे अकरा दिवस ते माझ्याकडे बघत जागेच होते. मी चारचौघांत म्हणाले, "भाऊजी, तुम्ही भेसळ केलीत."

"वहिनी, मुळी तुमच्याच वाफ्यातली आहे," एवढं बोलून त्यांनी चपला घातल्या. एकोणीस वर्षं उंबरा चढले नाहीत.

खरं तेच होतं. यजमानांना मुळी कमी पडू नये म्हणून पाचव्या वाफ्यात मीच लपून दोन घमेली खत घातलं होतं. पुढे मी उरलेल्यातली थोडी मुळी प्रयोगशाळेत नेली; तिथल्या मुलीने तपासून सांगितलं, "काकू, मुळी जाडजूड आहे, पण अर्क निम्मासुद्धा नाही." तरी कबूल करायला माझी जीभ रेटली नाही. मला फार लाज वाटते.

४. फडताळातला पत्र्याचा डबा दिरांना. त्यात त्या सालची उरलेली मुळी आहे. भाऊजी, तुकडा चावून बघा, कडू लागणार नाही. मग काय रागवायचं ते रागवा.

बाकीची कलमं मी गेल्यावर वाचावीत. तिसरं आणि चौथं मात्र दिरांना आजच पोचवावं, मी जागी आहे तोवर.

(सही) मुळीवाली
स्थळ: वाळवणाची खोली
दिनांक: चौदा, मुळ्या काढायचा महिना

साक्षीदार:
१. डॉक्टरीणबाई
२. पोस्टमन (डबा सायकलला बांधला आहे)