तंबूबाहेरचा माणूस

२१ ऑगस्ट

कलमात येणार नाही. मुलगा स्वतः त्याच्या गावी गेला होता. आज उत्तर घेऊन कोचकोरला परतला. माझ्या बायकोच्या, सायराकुलच्या वर्षाच्या जेवणाचे आमंत्रण त्याने नाकारले. तो तिचा धाकटा भाऊ. तो नाही, म्हणजे तिच्या माहेरचे कोणीच नाही. आणि माहेरावाचून वर्षाचे जेवण म्हणजे घोडी कापून शेजाऱ्यांना घातलेली मेजवानी. मृताला त्यातले काही पोचत नाही.

त्याचे नेमके शब्द सांगायला मुलगा तयार नव्हता. मी आग्रह धरला. ‘खांबाच्या घरी मी जेवायला जात नाही.’

खांब म्हणजे मी. गेल्या ऑक्टोबरात तिचा देह बुरणुसाच्या तंबूत होता. आत बायका भिंतीकडे तोंड करून विलाप गात होत्या. मी रीतीप्रमाणे कंबर बांधून, काठीवर ओणवून बाहेर उभा होतो. येणारा पुरुष वळणापासूनच हंबरडा फोडत येतो. दाराशी उभ्या पुरुषांनी हंबरड्यानेच उत्तर द्यायचे असते. कलमात आला. मी उत्तर दिले नाही. ‘दिले नाही’ हे क्रियापद येथे चुकीचे आहे. निघाले नाही. माती देईपर्यंत निघाले नाही. त्यानंतरही नाही.

जेवलो. झोपतो.

२४ ऑगस्ट

नात पेरिझात बिश्केकहून आली. सिनेमा शिकते. बरोबर दोन मित्र आणि एक कॅमेरा. काराकोलच्या महोत्सवासाठी लघुपट करायचा आहे. विषय — एक म्हातारा, एक तंबू, आत त्याची मेलेली बायको. लोक येतात, जातात. म्हातारा मीच, तिच्या चोंग-आताने म्हणजे आजोबाने व्हावे, असे तिचे म्हणणे.

‘चोंग-आता, अभिनय करायचाच नाही. नुसतं उभं राहायचं. तुम्ही उभे राहता ना, तसंच.’

सून बिथरली. घरात कोणी मेले नसताना अंगणात तंबू ठोकणे म्हणजे मरणाला बोलावणे! शेवटी तिनेच तोड काढली. आधी बोरसोक, म्हणजे कणकेचे तुकडे, तळायचे. तेलाचा वास गेलेल्यांपर्यंत पोचला, की मग काय हवे ते करा.

मी दोन अटी घातल्या. एक — मी रडणार नाही. खोटे तर नाहीच. दोन — पडद्यावर येणारे प्रत्येक अक्षर आधी माझ्या नजरेखालून जाईल. दोन्ही मान्य झाल्या.

२५ ऑगस्ट

पटकथा तपासली. विरामचिन्हांची दैना. विद्यापीठात हल्ली काय शिकवतात?

२७ ऑगस्ट

आज चित्रण झाले. घडलेला प्रकार क्रमाने लिहितो.

शेजाऱ्यांना सकाळीच कळवले होते. कलमातला कळवण्याचा प्रश्न नव्हता. बोलणेच बंद आहे. तो जनावरांच्या बाजारातून परतत होता, हे कोणाला ठाऊक असणार? अंगणात तंबू दिसला. या घरात आता मरण्यासारखे कोण उरले आहे? त्याने गाडी रस्त्यातच सोडली. दार उघडे टाकले. वळणापासून हंबरडा फोडत आला — ‘जेझदे! माझ्या बहिणीमागे तूही गेलास रे!’ जेझदे म्हणजे बहिणीचा नवरा. म्हणजे मी.

मी टोपी डोळ्यांवर ओढून काठीवर ओणवलेला. त्याला वाटले, हा माझा मुलगाच. त्याने मला मिठी मारली. माझ्या खांद्यावर डोके टेकून माझ्याच नावाने रडला.

काही वेळाने मी त्याला सांगितले, ‘कलमात, मी जिवंत आहे.’

त्याने माझ्याकडे पाहिले. जमिनीवरची टोपी उचलली, झटकली, माझ्या हातात दिली. चिडेल अशी अपेक्षा होती. चिडला नाही. चहाचा वाडगा उभ्यानेच संपवला आणि गेला. पेरिझात डोळे पुसत होती. दृश्य वाया गेले म्हणून असावे. कॅमेरेवाल्याने एवढे होऊनही कॅमेरा बंद केला नव्हता, हा उद्धटपणा. संध्याकाळी घरात कोणी मोठ्याने बोलले नाही.

मला काही वाटले नाही. तेही नोंदवून ठेवतो.

२८ ऑगस्ट

गळा पार बसला आहे. वाऱ्यात उभे राहिल्याचा परिणाम. सुनेने ऊनऊन दुधात मेंढीच्या शेपटीची चरबी घालून दिली. प्यालो.

३ सप्टेंबर

कलमातचा निरोप — ‘येतो. सगळं माहेर येईल. घोडी आमची.’ कारण दिलेले नाही. पहिल्या वाक्यात कर्ताही नाही.

कारण मी ताडले आहे. बाजारात लोक त्याची टर उडवतात म्हणे — आज कोणत्या जिवंताला रडायला निघालास, कलमात? आमच्या जेवणाला येऊन त्याला लोकांची तोंडे बंद करायची असतील. असो. लाजेने आलेला माणूसही आलेलाच असतो. सायराकुलच्या जेवणाला तिचे माहेर असेल.

मला आनंद व्हायला हवा होता. ‘हवा होता’ हा प्रयोग भाषेत अशाच प्रसंगांसाठी ठेवलेला आहे.

१८ सप्टेंबर

लघुपट निवडला गेला. पेरिझातचा फोन. आणि तिने ते दृश्य ठेवले आहे! मी स्पष्ट विरोध केला. एका माणसाची फजिती परक्यांना दाखवायची, तीही तो यायला कबूल झाल्यावर? काराकोलमध्ये लोक त्याला हसले, तर माहेर पुन्हा पाठ फिरवील. मग त्या जेवणाला काय अर्थ?

ती म्हणाली, कलमातआजोबांना विचारले आहे. त्यांना सगळे दाखवले आहे. ‘ते म्हणाले, बेलाशक दाखव. पण म्हाताऱ्याला पुढच्या रांगेत बसव.’

सूड! दुसरे काय?

मग तिने एक चमत्कारिक प्रश्न विचारला. ‘चोंग-आता, त्या दिवसाचं तुम्हाला काय आठवतं?’

सर्व, असे मी सांगितले. तिने पुढच्या रांगेचे पुन्हा बजावले आणि फोन ठेवला.

८ ऑक्टोबर

महोत्सवाची पुस्तिका आली. आमच्या लघुपटाचे नाव शुद्ध छापले आहे. इतरांचे विचारू नये.

११ ऑक्टोबर

काराकोल. आमचा लघुपट उद्या सकाळी. आज इतरांचे पाहिले. एकात एक माणूस तळ्यावरचा बर्फ फोडत होता. फोडून झाला आणि चित्रपट संपला. टाळ्या पडल्या. दुसऱ्यात दोन बहिणी एकाच गालिच्यावर दोन टोकांना बसून विणत होत्या, एकमेकींशी न बोलता. तो बरा होता, असे माझे मत. मत आहे, वाटले काही नाही.

कलमात आला आहे. जेवताना समोरच बसला. त्याचा बेत काय, हे विचारायचे होते. त्याने कुरुतचा, वाळवलेल्या दह्याचा, एक गोळा माझ्यापुढे सरकवला. ‘खा. उद्या बोलू.’

वर्षाचे जेवण नऊ दिवसांवर आहे. उद्या सभागृह हसले, तर ते होऊन न झाल्यासारखे.

१२ ऑक्टोबर

कोणी हसले नाही.

पडद्यावर कलमात वळणावरून येतो. तंबूबाहेरचा म्हातारा मान वर करतो आणि हंबरडा फोडतो. टोपी पडते. काठी पडते. तो ‘सायराकुल, सायराकुल’ असे ओरडतो. कलमात त्याला धरून उभा राहतो, तरी तो थांबत नाही. उरलेला सगळा लघुपट तेवढाच आहे.

मला यातले काही आठवत नाही.

शेजारी बसलेल्या कलमातला विचारले, हा आवाज कोणाचा बसवला आहे?

‘कोणाचा नाही,’ तो म्हणाला. ‘तुझाच आहे, जेझदे. ऐक.’