लव्हाळ्याचा पट्टा आणि दोन टोकांचा दोर

मी, खाली सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा होड्या दुरुस्त करण्याचा आणि भाड्याने देण्याचा, तळ्याकाठी सगळे जिला होडीवाली म्हणतात ती, आज सकाळी वर्कशॉपच्या खिडकीशी खुर्ची ओढून हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरीणबाई शेजारी बसल्या आहेत आणि त्यांनी उलटसुलट प्रश्न विचारून तशी खात्री करून घेतली आहे. छातीचे मात्र खरे नाही. किती दिवस उरले ते त्या सांगत नाहीत, आणि सांगत नाहीत यावरून मला कळायचे ते कळले. कोणाच्या धाकाने वा आग्रहाने मी हे लिहीत नाही. धाक घालणारा कुंपणापलीकडे आहे. त्याचे खोदकामाचे यंत्र तिथे आठवडाभर उभे आहे आणि त्याचा चालक रोज सकाळी ते नुसते चालू करून ठेवतो, मला ऐकू यावे म्हणून. आत्ताही चालू आहे. अक्षर कुठे हलले असेल तर त्याचे कारण ते समजावे.

कलम १. मागच्या हिवाळ्यात केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात मी फार शहाणपणा केला होता. काय केला होता ते सातव्या कलमात येईल.

कलम २. राहते घर थोरल्या मुलाला आणि सूनबाईला, दोघांच्या नावे, तिचे नाव आधी. सूनबाईने या घरात येऊन एका खोलीतले बोलणे दुसऱ्या खोलीत कधी नेले नाही. ज्या घरात भाऊबहीण एकमेकांशी बोलत नाहीत तिथे हे सोपे नसते. वरची पाण्याकडची खोली धाकट्या लेकीसाठी कायम मोकळी ठेवावी. तिथे खोकी रचून ठेवायची नाहीत. थोरल्या, हे तुलाच सांगते आहे.

कलम ३. वर्कशॉप, रंधे, पटाशा, फटी बुजवायची हत्यारे, डांबराची कढई, सगळे धाकटीला. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते, पण होडीची फट तिच्याइतकी कोणाला बुजवता येत नाही. थोरल्याला राग येईल. त्याने माझा चांगला रंधा वाऱ्याने आपटणाऱ्या दाराला अडसर म्हणून लावला होता आणि तो पावसात तिथेच राहिला. मी विसरलेले नाही.

कलम ४. जुनी हिरवी होडी शेजारच्या पाववाल्याला. तो ती दर रविवारी 'जरा नेतो' म्हणून नेतो आणि परत आणताना आत पावाचा चुरा ठेवतो. आता चुऱ्यासकट त्याची. बाकीच्या वल्ह्याच्या होड्या दोन्ही मुलांच्या मिळून. बँकेत जे आहे त्यातून दोर, डबे आणि लाल रंग दर वर्षी घ्यावा, कशासाठी ते आठव्या कलमात आहे. उरेल ते सूनबाईने स्वतःवर उडवावे. घरावर खर्च करताना दिसली तर मला वाईट वाटेल.

कलम ५. माळ्यावरचे मोटरबोटीचे इंजिन मोडीत काढावे.

या इंजिनाबद्दल लिहायलाच हवे, नाहीतर पुढचे कोणाला समजणार नाही. आमच्या वर्कशॉपच्या अंगणापासून जुन्या खांबापर्यंत काठाला लव्हाळ्याचा पट्टा आहे. तो माझ्या नावावर आहे. त्यात टिबुकल्या, पाण्यात बुड्या मारणारे ते छोटे पक्षी, घरटी करतात. टिबुकलीचे घरटे पाण्यावर तरंगते. कुजक्या पाल्याचा ओला ढीग असतो, पाण्याच्या जेमतेम वर. मोठी लाट आली की अंडी गेली. लव्हाळ्याच्या मुळांत मासे अंडी घालतात, आणि ते मासे खायला पाणमांजरे येतात. मी लग्न होऊन आले तेव्हा हा पट्टा तळ्याला पूर्ण वेढा घालून होता. आता राहिला तेवढा माझ्या खिडकीसमोर आहे.

थोरल्याने हे इंजिन आणले आणि तो पर्यटकांना घेऊन लव्हाळ्याजवळून घिरट्या घालू लागला. त्यांना पिल्ले दाखवायची म्हणून. पिल्ले दाखवता दाखवता घरटी बुडाली. धाकटीने त्याला सांगितले, परत सांगितले, आणि मग तळ्याच्या कचेरीत तक्रार दिली. त्याचा परवाना गेला. तो म्हणाला, "बहिणीनं भावाच्या पोटावर पाय दिला." ती म्हणाली, "पोट भरायला अंडीच सापडली का?" त्यानंतर दोघे एकमेकांशी बोललेले नाहीत. या गोष्टीला इतकी वर्षे झाली की सूनबाईला दोघांनी एकमेकांशी बोललेले एक वाक्यही ऐकलेले आठवत नाही.

जेवायला मात्र दोघे एका टेबलाशी बसतात. "आई, तिला सांग मीठ इकडे दे." "आई, त्याला सांग, त्याचा हात पोचतो." मी सांगते. इतकी वर्षे मी माझ्याच पोरांची पोस्टमन आहे. शिव्या गाळते, निरोप पोचवते. याचा मला कंटाळा आला आहे आणि दुःखही आहे, आणि दोन्ही मी आजवर कोणाला बोलून दाखवले नव्हते.

कलम ६. कुंपणापलीकडच्या हॉटेलवाल्याला मी एक लाकडी पाटी ठेवत आहे. 'इथे होडी लावू नये, पक्षी बसले आहेत' असे तिच्यावर लिहिलेले आहे. त्याच्या माणसांनी ती उपटून पाण्यात टाकली होती, पाववाल्याने काढून आणली. पाटी त्याने स्वागतकक्षात लावावी. लावणार नाही हे मला माहीत आहे.

त्याला माझा पट्टा हवा आहे. लव्हाळे उपटून, काठाला काँक्रीटची भिंत घालून, वर खडी पसरून खुर्च्या मांडायच्या आहेत. मी नाही म्हटले तेव्हा तो गोड हसून म्हणाला, "काही हरकत नाही, आजी. तुमच्यानंतर बघू." असे तोंडावर ऐकून घ्यायला काळीज लागते, आणि माझे आधीच अधू आहे. परवान्यानंतर थोरला नोकरीला लागला तोही याच हॉटेलात, त्याच्या धक्क्यावर. म्हणजे माझ्या मुलाची भाकरी त्या माणसाच्या हातात आहे. हे मी थोरल्याला दोष म्हणून लिहीत नाही. दुसरीकडे त्याला कोणी घेतले नाही.

कलम ७. लव्हाळ्याचा पट्टा, पाण्याच्या कडेपासून कुंपणापर्यंत, दोन्ही मुलांना सामाईक, वाटणी न करता.

हिवाळ्यातल्या मृत्युपत्रात माझे शहाणपण असे होते की दोघांची सही असल्याशिवाय पट्टा विकता येणार नाही. ही दोघे तर मिठावरही एकमत करत नाहीत. म्हणजे त्यांचे भांडण हेच माझ्या लव्हाळ्याचे कुंपण, असा हिशेब करून मी निवांत झाले. आई म्हणून लाज वाटली, पण टिबुकल्यांसाठी गिळली.

गेल्या आठवड्यात धाकटी आली. माझे औषध मोजता मोजता म्हणाली, "आई, तुझ्यामागे पट्टा विकायच्या कागदावर दादानं त्याच्या हिश्श्याची सही दिलीय म्हणे. मग मी एकटी अडून काय करू? मलाही देऊन टाकू दे, सुटेन तरी." मी विचारले, कोणी सांगितले? म्हणाली, हॉटेलवाल्याने. मी थोरल्याला बोलावले. तो मान खाली घालून म्हणाला, "तिनं दिलीच आहे ना? मी नाही दिली तर नोकरी जाईल, आणि पट्टा तरी कुठे राहणार?" त्यालाही हॉटेलवाल्यानेच सांगितले होते.

तेव्हा माझ्या लक्षात आले. ज्याला मी कुंपण समजत होते त्यातूनच तो माणूस आत शिरत होता. एकमेकांना विचारायची सोय नाही हे त्याने बरोबर हेरले होते. दोघांना मी सांगितले की तो खोटे बोलतोय. दोघांनी तेच उत्तर दिले: "आई, तू दोघांचीही बाजू घेतेस." इतकी वर्षे निरोप गाळून पोचवल्यावर माझ्या निरोपावर कोण विश्वास ठेवणार?

म्हणून आता असे: पट्ट्यासंबंधी कोणताही कागद दोघांनी एकमेकांसमोर बसून, एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवून, मगच सही करावा. वकिलामार्फत नाही, सूनबाईमार्फत नाही. वेगवेगळी घेतलेली सही रद्द समजावी. दोघांनी समोरासमोर बसून विकायचे ठरवले, तर मी मेलेली बाई काही करू शकत नाही. त्याची मला भीती वाटते. आज ही भीती घेऊनच लिहिते आहे.

कलम ८. दर वर्षी टिबुकल्या घरटी बांधू लागल्या की आपण लव्हाळ्याच्या तोंडाशी लाल डब्यांचा दोर टाकतो, होड्या आत येऊ नयेत म्हणून. तो दोघांनी स्वतः टाकावा, माणूस लावून नाही. एक होडीत दोराचे टोक घेऊन जुन्या खांबाकडे जातो, दुसरा धक्क्यावरून वेटोळे सोडतो. होडीतल्याने 'ढील दे' म्हणायचे, 'आवळ' म्हणायचे. न बोलता हे काम होत नाही. आजवर मी मध्ये उभी राहून याचे तिला आणि तिचे त्याला सांगत आले. एका वर्षी जरी दोघांनी मिळून दोर टाकला नाही, तर पट्टा तळ्याच्या कचेरीकडे जावा, पक्ष्यांसाठी राखून.

यंदा माझ्या आजारपणात दोर पडलेला नाही. टिबुकली अंड्यांवर बसलेली मला खिडकीतून दिसते. आज सकाळी मी दोघांना वेगवेगळे बोलावले आहे. दोर पडेपर्यंत मी सही करणार नाही, असे डॉक्टरीणबाईंना सांगितले आहे. त्या म्हणाल्या, "तुमच्या छातीला हे झेपणार नाही." मी म्हटले, ती तशीही कामातून गेलेली आहे.

कलम ९. हे घडता घडता लिहीत आहे.

थोरला होडीत बसला. धाकटी धक्क्यावर वेटोळे घेऊन उभी राहिली. दोघांनी माझ्या खिडकीकडे पाहिले. होडी निम्म्यावर गेली आणि दोर ताणला. थोरला ओरडला, "आई, तिला सांग, ढील दे."

मी गप्प बसले. मी आज मेले आहे असे समजून गप्प बसले. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघू लागल्या. मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

"आई, ऐकू येतंय ना? ढील दे म्हणावं."

धाकटीला ते स्वच्छ ऐकू आले होते. पाण्यावरून आवाज चांगला येतो. पण तीही खिडकीकडेच बघत राहिली, मी सांगेन म्हणून. वारा सुटला. दोर ताणलेला, त्याने होडी आडवी फिरली आणि लव्हाळ्याकडे सरकू लागली. थोरल्याची त्या बाजूला पाठ होती. टिबुकलीने अंड्यांवर पाला ओढून पाण्यात बुडी मारली, म्हणजे ती घाबरली. मला ओरडायचे होते. गळ्यापर्यंत आलेले मी दातांत धरून ठेवले. घरटे गेले असते तर ते माझ्यामुळे गेले असते, हे मला कळत होते.

धाकटीने दोर सोडून दिला आणि ओरडली, "दादा, मागे घरटं आहे, वल्हं रोव."

त्याने वळून न बघता वल्हे चिखलात रोवले. होडी हलली आणि थांबली. घरटे वरखाली झाले. अंडी आहेत. टिबुकली आणखी पलीकडे वर आली आणि अजून बसायला परतलेली नाही, पण परतेल.

धाकटीने पाण्यात पडलेला दोर पुन्हा हातात घेतला. मग तो होडीतूनच म्हणाला, "तू सही दिलीस म्हणे."

"मी? तू दिलीस म्हणाला तो हॉटेलवाला."

"मी कधी दिली?"

"मग मला कसं कळणार? विचारलंस का कधी?"

"तू विचारलंस?"

पुढचे वाऱ्यात ऐकू आले नाही. दोर मात्र जुन्या खांबाला बांधला गेला आहे. सगळे डबे पाण्यावर आहेत. आता मी सही करते.

कलम १०. माझ्यामागे घरात निरोप पोचवायला कोणालाही नेमलेले नाही. ती जागा भरायची नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉक्टरीणबाईंनी करावी. त्यांना माझी ही खिडकीतली खुर्ची.

सही: होडीवाली

साक्षीदार पहिली: डॉक्टरीण. सही माझ्यासमोर झाली. बाई शुद्धीत आहेत, नाडी जलद आहे, आणि झोपा म्हटलेले ऐकत नाहीत.

साक्षीदार दुसरा: शेजारचा पाववाला. सही माझ्यासमोर झाली. यंत्राच्या चालकाला धाकटीने कुंपणाशी जाऊन काहीतरी सांगितले, थोरला तिच्या शेजारी उभा होता, आणि यंत्र बंद झाले. हॉटेलवाला अजून आलेला नाही. बहीणभाऊ आता धक्क्यावर उभे राहून भांडत आहेत, मध्ये कोणी नाही.

स्थळ: वर्कशॉप, पाण्याकडची खिडकी.
दिनांक: यंदाचा दोर पडला तो दिवस. आकड्यातली तारीख डॉक्टरीणबाईंनी शिक्क्याखाली घातली आहे.