सायलोतला दिवा

बार्शीटाकळी, ४ मे २०२५

चि. देवीदास,

आशीर्वाद मागून देईन. आधी सांग, फोन काहून बंद करून बसला? इथं तुह्या बहिणीले लोक सून जाळणारी म्हणून राहिले! आखजीले, अक्षय तृतीयेच्या दिवशी, धान्य भरायच्या आधी, रीतीप्रमाणं, सुनेनं, वर्षालीनं, सायलोच्या, त्या पत्र्याच्या कोठीच्या, खालच्या दारातून दिवा आत ठेवला, अन् असा भडका उडाला बाप्पा! पोरीचे दोन्ही हात भाजले, भुवया गेल्या. मी पदरानं विझवलं.

गेल्या साली सांध्यातून पाणी शिरून तूर आतच उगवली, म्हणून यंदा आखजीच्या आठ दिवस आधी तुले बोलावलं. तू सांधे बुजवून आतून काळा लेप मारून गेला. त्या लेपात होतं तरी काय? अकोल्याच्या दवाखान्यात पोलीस मले विचारते, सुनेशी भांडण होतं का. अरे, भांडत तर मी साऱ्यांशीच! व्याही पुंजाजी माह्या हातचं पाणी घेत नाई. माहा गोपाल बायकोच्या खाटेपासून हालत नाई.

लोभ राहूच दे, पण आधी उत्तर धाड.

तुही ताई,
बेबी

नांदगाव पेठ, ७ मे

ती. बेबीताईस,

देवीदासचा पाया पडून नमस्कार. चिठ्ठी भेटली. आगीचं कानावर आलं, तवा फोनवर तुह्याशी बोलायची छाती झाली नाई. लेपात थिनर होतं. सुकेपर्यंत त्याची वाफ निघते, अन् ती पेट घेते. मी भाऊजीले सांगतलं होतं, वरचं झाकण अन् खालचं दार आठवडाभर उघडं ठेवा. दिव्याचं मात्र मले सुचलंच नाई. मी कारखान्यातल्या टाक्यांले लेप मारतो, तिथं टाकीची पूजा कोण करते?

ताई, एक विनंती. लेप कामावरचा उरलेला होता, मी न विचारता आणला. माहं नाव पोलिसात येऊ देऊ नको, ठेकेदार काढून टाकीन. वर्षालीले माहा आशीर्वाद सांग. मले परका करू नको.

तुहा भाऊ,
देवीदास

बार्शीटाकळी, १० मे

चि. देवीदास,

तुही चिठ्ठी तुह्या भाऊजीपुढं वाचली. आमच्या नत्थुजीचं तोंडच उतरलं. कबुतरं शिरतात म्हणून झाकण यांनीच आवळलं, दारही यांनीच लावलं! मी देवाले विचारून राहिली का माहं काय चुकलं, अन् हा माणूस माह्या बाजूले बसून चहा पीत होता. एका घरात राहून!

काल ते स्वतः ठाण्यात सांगून आले. पोलीस म्हणते, नवरा बायकोची बाजू घेईनच. वर्षाली म्हणते, सासूनं वाचवलं. तिचा बाप म्हणते, पोरगी भेवानं बोलून राहिली. बुधवारी दवाखान्यातून तिले सरळ माहेरी नेते, अन् परत धाडत नाई म्हणते.

आता लेप मारणारा तूच उरला. लेपाचा रिकामा डबा घेऊन ये अन् पुंजाजीसमोर, पोलिसासमोर तुह्या तोंडानं सांग. ठेकेदार तुले दुसरा भेटीन. मले सून दुसरी नाई पाहिजे, हेच लेकरू पाहिजे. तू नाई आला तर तुही चिठ्ठीच ठाण्यात नेऊन देईन, मंग रडू नको.

आशीर्वाद आता देऊन ठेवते, ते काही परत मागत नाई. पण फोन चालू कर, अन् येतो का नाई, मंगळवारपर्यंत कळव.

बेबी