रायफल, दोन दुर्बिणी आणि बैठक मिळून एकच वस्तू

मी, एफ्रेम माचिंगुरा, कुळ न्याती म्हणजे रानरेडा, वय शहात्तर, राहणार मागुंजे, जिल्हा हुरुंग्वे, पूर्वीचा धंदा परवानाधारक शिकारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. बुद्धी शाबूत आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. उजवा डोळा त्याच्या वाटचेही बघून घेतो. मला कुणी धाक दाखवलेला नाही. आग्रह पुष्कळांनी केला, त्यातला एकही मी मानलेला नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केले नव्हते, कारण आमच्यात ते करत नाहीत. माणूस गेला की वर्षाने त्याचा आत्मा घरी आणतात, मग त्याच्या वस्तू चटईवर मांडतात, आणि बहिणीचा मुलगा त्या एकेक उचलून नातेवाइकांना वाटतो. त्या रीतीशी माझे भांडण नाही. माझे कोट, घोंगड्या, रेडिओ, टोप्या खुशाल चटईवर येऊ द्या. माझे म्हणणे फक्त एका वस्तूबद्दल आहे. ती वस्तू एक आहे की अनेक, एवढाच वाद आहे, आणि तो मी जिवंतपणीच मिटवून जाणार आहे.

पहिले. घर, विहीर, आंब्याची दोन्ही झाडे आणि अंगणातला दगडी बाक माझी पत्नी मावीस हिचा. तिला घरातून हलवण्याची भाषा कुणी केली तर हे मृत्युपत्र मोठ्याने वाचून दाखवावे. मावीसला ऐकायला कमी येते, पण हे वाक्य तिला ऐकू येईल.

दुसरे. गुरे, माझी काठी आणि माझे नाव थोरला मुलगा एनॉस याला. नाव त्यालाच जायचे, ती रीत आहे आणि मला मान्य आहे. एनॉस हरारेत छपरांचे पत्रे विकतो, सज्जन आहे. त्याने एकदाच माझी रायफल उडवली आणि मग दोन दिवस खांद्याला तेल चोळून घेतले. "बाबा, ही बैठकीच्या खोलीत भिंतीवर काय शोभेल!" असे तो म्हणाला होता. शोभेल खरी. पण भिंतीकडे धावून काही येत नाही.

तिसरे. माझी पुस्तके मिशनच्या शाळेला. त्यातले कवितांचे क्रमिक पुस्तक मी शाळा सोडताना परत करायला विसरलो होतो, ते आता जागेवर जाईल. अट एवढीच, की मुलांनी कविता उभे राहून, खिडकीबाहेर बघत म्हणाव्यात. आमचे मास्तर तसेच म्हणवून घेत. खिडकीबाहेर मुसासाची झाडे होती. सप्टेंबरात त्यांना लाल पालवी फुटायची, आणि वर्गातल्या कुठल्याही कवितेत कुणी वारले तरी मला ते लाल पालवीतच वारलेले दिसायचे. पुढे आयुष्यभर चाप ओढण्याआधी मी मनात एक ओळ म्हणत आलो. ओळ संपेपर्यंत श्वास खाली बसतो. ती ओळ माझी स्वतःची आहे, मधाची वाट दाखवणाऱ्या पाखरावर केलेली:

*पुढे हो पाखरा, मी येतो मागे.*

कविता म्हणून ती सामान्य आहे. श्वासासाठी उत्तम आहे.

चौथे, आणि ज्यासाठी कागद घेतला ते. माझी पॉइंट ३७५ची रायफल, तिच्या पाठीवरची, दुर्बीण बसवायची पोलादी बैठक, कड्या-खिट्ट्यांसह नवी दुर्बीण आणि कड्या-खिट्ट्यांसह जुनी दुर्बीण ही सगळी मिळून एक वस्तू आहे. ती वस्तू माझी मुलगी तारिरो हिची. ती चटईवर येणार नाही. वर्ष सरण्याची वाट पाहणार नाही. तारिरो येत्या हंगामानंतर शिकारीच्या परवान्याच्या परीक्षेला बसणार आहे. त्या परीक्षेत उसनी रायफल घेऊन रानरेड्यासमोर उभे राहायला मी मुलीला वाढवलेले नाही. बंदुकीच्या परवान्याचा तिचा अर्ज मी स्वतः पोलीस ठाण्यात देऊन आलो आहे.

"एक वस्तू" असे का लिहावे लागले, ते सांगतो.

गेल्या जूनमध्ये तारिरो आणि मी दुर्बीण निवडायला हरारेला फेरेराच्या दुकानात गेलो. फेरेरा बंदुकांचा कारागीर, मोझांबिककडचा. आमच्याबरोबर गाडीत जागा होती म्हणून माझा धाकटा भाऊ जोसाम आला. जागा नसती तरी आला असता.

दुकानात शिरल्या शिरल्या जोसामने सगळ्यात जाड दुर्बीण उचलली. "दादा, काय काच आहे! नुसती बादली. हिच्यातून नदीपलीकडे झांबियात कोण काय जेवतंय ते दिसेल."

"दिसेल," फेरेरा म्हणाला. "पण दहा पावलांवर रेडा आला, तर रेडा दिसणार नाही. केस दिसतील."

"आणि काका, एवढी जाड काच नळीला टेकते," तारिरो म्हणाली. "मग ती उंच बसवावी लागते. उंच बसली की गाल दस्त्यावरून उठतो. गाल उठला की नेम गेला."

"बघ दादा, पोरगी परीक्षेआधीच मास्तरीण झाली."

जाड दुर्बीण तिथेच राहिली. पुढचे भांडण तारिरोचे आणि माझे होते. मला माझी जुनीच पुरेशी वाटत होती: दीडपट ते पाचपट, आत साधी काळी फुली. तिला हवी होती ती एकपट ते सहापट, आत बारीक लाल ठिपका पेटणारी.

"बाबा, संध्याकाळी काळ्या झुडपात काळा रेडा, त्यावर तुमची काळी फुली. शोधायची कुठे?"

"फुली शोधायची नसते गं. रेडा शोधायचा असतो."

"सापडला. आता कुठे मारू? शेपटीला?"

"आणि दिव्याची बॅटरी संपली म्हणजे?"

"संपली तर आत फुली आहेच की. तुमच्यासारखीच, काळी."

फेरेरा हसला. मी हसलो नाही. पण बाहेर ओसरीवर जाऊन, संध्याकाळ होईपर्यंत थांबून, समोरच्या जाकारांदाच्या बुंध्यावर दोन्ही दुर्बिणी धरून पाहिल्या. ठिपका दिसत होता. फुली मला आठवत होती. आठवणे आणि दिसणे यांतला फरक माझ्यासारख्याला उशिरा कळतो, पण कळला.

कड्यांच्या बाबतीत मात्र मी एक इंच मागे सरलो नाही, आणि तिनेही तशी अपेक्षा केली नाही. कारण तिला माझा पाय माहीत आहे. खूप वर्षांपूर्वी शिकारीच्या कंपनीने मला दिलेल्या रायफलीवर दुर्बीण स्क्रूने कायमची आवळलेली होती. पाऊस पडत होता. जखमी रेडा जेसीत शिरला. जेसी म्हणजे खोऱ्यातले ते काटेरी रान, जिथे स्वतःचा हात लांब केला तर बोटे दिसत नाहीत. काच धुक्याने भरली. रेडा आला तेव्हा मला दुर्बिणीत फक्त पांढरे दिसले, आणि नळीवरचा नेमाचा मणी त्या दुर्बिणीच्या आड होता. माझ्यासाठी जनावरांचा माग काढणारा सियान्सोले, त्याने मला पट्ट्याला धरून बाजूला ओढले, म्हणून रेड्याने छातीऐवजी मांडी घेतली. इस्पितळात तो मला म्हणाला, "न्याती, पुढच्या वेळी ते काचेचं भांडं घरी ठेवून या. तुमच्याच कुळाचा तो, तुम्हाला उघड्या डोळ्यांनी भेटायला आला होता."

म्हणून फेरेराला मी अटी घातल्या. कड्या पोलादाच्या. खिट्ट्या डाव्या बाजूला, अंगाला चिकटून झोपणाऱ्या, काट्यात न अडकणाऱ्या. दुर्बीण हातोडी-पाना न लागता, रायफल खांद्यावर असताना काढता आली पाहिजे. ती काढल्यावर बैठक इतकी खाली असावी, की मागची खाच आणि पुढचा मणी मोकळे दिसतील. आणि सगळ्यात मोठी अट: काढलेली दुर्बीण परत बसवली की गोळी जुन्याच जागी लागली पाहिजे. जी गेली ती परत आपल्या जागी येत नसेल, तर ती काढण्यात काय शहाणपण?

फेरेराने दोन्ही दुर्बिणींना आपापल्या कड्या जोडून दिल्या, म्हणजे एकीत पाणी शिरले तर दुसरी त्याच बैठकीवर. माझी म्हातारी आणि तिची तरुणी, एका रायफलीवर आलटून पालटून. शहराबाहेरच्या मैदानावर आम्ही काढली, बसवली, उडवली; पुन्हा काढली. कागदावरची भोके एकमेकांना चिकटून पडली. मला शाळेतला यमकांचा तास आठवला. मी तसे म्हणालोही.

"बाबा, कड्या पुढे ढकलून मग खिट्टी लावा," तारिरो म्हणाली. "यमक नंतर."

तेव्हाच जोसाम ते बोलला. फेरेराने त्याच्यापुढे खिट्ट्या उलटल्या आणि दुर्बीण अलगद उचलून टेबलावर ठेवली. जोसामचे डोळे चमकले.

"वा दादा! म्हणजे एकाच्या दोन झाल्या. आणि त्या कड्या धरून आणखी. वाटणीला किती बरं!"

तो चेष्टा करत नव्हता. आमच्या वडिलांच्या वाटणीला मी हजर होतो. वडिलांचा नांगर होता. फाळ जोसामला गेला, दांडी चुलत्यांना, साखळी आत्याच्या नवऱ्याला. प्रत्येकाला मान मिळाला, आणि त्या पावसाळ्यात एकाचेही शेत नांगरले गेले नाही. फाळ अजून जोसामच्या दारात कोंबड्यांचे पाणी धरून बसला आहे. उद्या माझी रायफल एनॉसच्या भिंतीवर, लाल ठिपका जोसामच्या गळ्यात, जुनी दुर्बीण कुणा भाच्याच्या मुलाच्या हातात आणि कड्या कुणाच्या तरी किल्ल्यांच्या जुडग्यात गेल्या, तर माझी मुलगी जेसीत काय घेऊन शिरणार? माझे नाव?

पाचवे. म्हणून वाटणी करणारा माझा भाचा लव्हमोर, ज्याला मी या मृत्युपत्राची अंमलबजावणी सोपवतो, त्याला मी हे सांगितले. तो म्हणाला, "मामा, मुलीच्या हातात बंदूक दिली तर मोठी माणसं मला चटईवरून उठवतील."

"मग उभा राहून वाच," मी म्हणालो.

"आणि विचारलं, मुलगीच का?"

"सांग, रेडा विचारत नाही."

लव्हमोरने मान डोलावली आहे. तो भित्रा आहे, पण दिलेला शब्द मोडायला त्याहून जास्त भितो.

सहावे. भाऊ जोसाम याला माझी गळ्यात अडकवायची मोठी दुर्बीण. त्याला मोठी काच हवी होती. ती कशावरही बसत नाही आणि कशावरूनही निघत नाही. त्याने फाळ परत करावा अशी माझी अट नाही. इच्छा आहे.

सातवे. माझ्या मातीला जमणाऱ्यांना मक्याच्या घट्ट सादझाबरोबर कोंबडी, मासे, काय हवे ते वाढा. रानरेड्याचे मांस शिजवू नये. मी त्याची शिकार केली पण कुळाच्या भावाला कधी खाल्ले नाही, तारिरोही खात नाही. मेल्यावर माझ्या दारात तो वास नको.

आठवे आणि शेवटचे. मला पुरायच्या दिवशी तारिरोने रायफल घेऊन यावे, माझी जुनी दुर्बीण चढवलेली. खड्ड्याच्या काठाशी दोन्ही खिट्ट्या उलटून ती दुर्बीण काढावी आणि सियान्सोलेच्या हातात द्यावी. दाट रानात शिरताना मी नेहमी तेच करत आलो, आणि तो ती शर्टाच्या आत पोटाशी धरून मागे थांबत आला. मी जातो आहे ते रान याहून दाट असणार. तिथे काच कामाची नाही. सियान्सोलेने ती वर्षभर आपल्याकडे, कोरडी ठेवावी; मालकी तारिरोचीच. तोवर तारिरोच्या रायफलीवर तिची लाल ठिपक्याची दुर्बीण राहील.

वर्षाने मला घरी आणाल, ढोल वाजतील, मक्याच्या आंबवलेल्या महेवूचे घडे उघडतील. तेव्हा सियान्सोलेने ती जुनी दुर्बीण परत आणावी. तारिरोने कड्या पुढे ढकलून, खिट्ट्या लावून, आंब्यापलीकडच्या वारुळावर मी पांढऱ्या मातीने गोल काढून ठेवला आहे, त्यावर एकच गोळी झाडावी. चाप ओढण्याआधी माझी ओळ म्हणावी. मनातल्या मनात चालेल. गोळी गोलात लागली, तर ढोल थांबवा. मी जागेवर आलो आहे. लागली नाही, तर मला हाका मारू नका, खिट्टी तपासा आणि पुन्हा झाडा.

वरील मजकूर मी वाचला, मावीसला मोठ्याने वाचून दाखवला, आणि त्यातला एकही शब्द बदलणार नाही.

सही: एफ्रेम माचिंगुरा

आमच्या दोघांच्या समक्ष, आम्ही बघत असताना सही केली:

१. सिस्टर फिलोमेना झुलू, परिचारिका, मागुंजे
२. ऑगुस्तो फेरेरा, बंदूक कारागीर, हरारे (कड्या पोलादाच्याच आहेत, हेही मी साक्षीत लिहून देतो)

मागुंजे, ११ सप्टेंबर २०२१. मुसासाला पालवी आली आहे.