लॉरीच्या बुडाशी कोरलेलं अक्षर

बाबा,

तुम्ही आणलेली ती खेळण्यातली मिलिटरीची लॉरी मागच्या आठवड्यात मी नागपूरला घेऊन गेले होते. काम तुमच्या लेकाचं. त्याचा रायपूरहून फोन आला. त्याच्या मुलाने मोबाइलवर तसल्याच गाडीचा फोटो पाहिला होता. जुनी खेळणी लोक हौसेने विकत घेतात म्हणे. "ताई, आईच्या पेटीत हाय न ते? दाखवून ये न कोणाले तरी. तू तं आता रिकामीच हायेस." इतकी वर्षं बालाघाटच्या शाळेत मुलांना हिंदी-गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाईला रिकामी म्हणायचा हक्क याला कोणी दिला, असं मनात आलं. तोंडाने मात्र "हौ" म्हणाले.

तुम्ही ती आणलीत तो दिवस मला लख्ख आठवतो. भरवेलीच्या मँगनीजच्या खदानीतल्या एका साहेबाची बदली झाली होती. सामान बांधायला वर्कशॉपमधून तुम्हाला बोलावलं, आणि त्यांच्या मोठ्या झालेल्या मुलाला नकोशी झालेली लॉरी त्यांनी तुमच्या हातात ठेवली. मी नऊ वर्षांची, तो सहाचा. तुम्ही डब्याच्या पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढता, चुलीपाशी उकिडवे बसता, आणि मी कणकेने भरलेले हात तसेच घेऊन धावत येते. गडद हिरवी, वीतभर लांब, सहा चाकांची, मागे ताडपत्रीसारखं पत्र्याचं छप्पर. तुम्ही आधी माझ्याकडे पाहिलंत. मला वाटलं, मोठी म्हणून मलाच. मग ती त्याच्या हातात दिलीत. दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी लाल रिबिनी आल्या. रिबिनी चांगल्या होत्या, हे आज म्हणते. तेव्हा मी त्या आईच्या देखत चुलीत घालायला निघाले होते.

महिन्याभरात त्याने लॉरीत खदानीचे काळे दगड भरून भरून पुढचा आस मोडला. तुम्ही त्याला एक शब्द बोलला नाहीत. रविवारी अंगणात पोतं अंथरून बसलात, नव्या आसासाठी पितळेची बारीक सळई कानसीने घासत राहिलात, आणि तो तुमच्या गुडघ्याला टेकून बसला. मी चहा आणून ठेवला, तुम्ही वर पाहिलं नाही. पुढचा रविवारही त्यातच गेला. त्यानंतर एका दुपारी तो झोपलेला असताना मी लॉरीला सुतळी बांधली, मागे मूठभर तांदूळ भरले आणि ओसरीवरून ओढत नेली. नेमके तुम्ही ड्युटीवरून आलात. "ठेव खाली. त्याची हाय ते. तुले काही काम नाही का घरात?" आवाज चढवला नाहीत. मी तांदूळ वेचून डब्यात टाकले.

नागपूरचा जुन्या खेळण्यांचा जाणकार माणूस म्हातारा होता, सावकाश बोलणारा. टेबलावर पांढरा कपडा पसरून त्याने लॉरी उलटी ठेवली आणि भिंग लावलं. आधी धातूला तडे गेलेत का ते पाहिलं. त्या काळच्या ओतीव धातूचा आतून चुरा होतो म्हणाला. मग टायरच्या खाचा पाहिल्या, सीटवर ड्रायव्हरसाठी भोक आहे का ते टाचणीने चाचपलं. "विलायती आहे, ताई. आणि पहिल्या प्रकारची. नंतरच्यांत ड्रायव्हर बसवून यायचा, हिच्यात नाही. खोका आहे का हिचा?" खोका आम्ही पाहिलाच नव्हता. तरी त्याने जो आकडा सांगितला तो ऐकून मी पाण्याचा पेला उचलला.

"याच्या दुप्पट किंमत आली असती," तो म्हणाला, "पण पुढचा आस कोणीतरी बदललाय. काम फार सुबक आहे, तरी मूळचं ते मूळचं. आणि इथं बुडाला अक्षर कोरलंय, पाहा." त्याने भिंग माझ्या हातात दिलं. हुकाजवळ, मळाखाली, तुमच्या हातचं अक्षर. तुम्ही तुमच्या हत्यारांवर काढायचात तसंच, वरची रेघ थोडी तिरपी.

"तुमच्या नावाचं का?" त्याने विचारलं.

"नाही. भावाच्या."

बाबा, मला हे ठाऊक नव्हतं. कॉलनीतल्या पोरांत गाडी हरवू नये म्हणून कोरलं असेल, हे कळतं मला. पण माझ्या पाटीवर, माझ्या कंपासपेटीवर तुम्ही कधी काही कोरलं नाहीत. माझ्या लग्नातल्या भांड्यांवरसुद्धा तुमचं आणि त्याचं नाव आहे, देणारे म्हणून. गोंदियापर्यंत गाडीत मी खिडकीबाहेर पाहत बसले आणि या वयातही तुमच्याशी मनात तेच भांडण भांडत होते.

घरी पोचले तर त्याचा फोन. "काय म्हणे तो?"

"काही नाही. साधी हाय म्हणे. दुरुस्त केलेली, खोका नाही. कोणी घेणार नाही."

"साधी हाय?" त्याने विचारलं. मला वाटलं, ओळखलं. मग म्हणाला, "जाऊ दे मग. तूच ठेव, ताई. लहानपणी तुलेच पाहिजे होती न ते. मले माहीत होतं. मी झोपलो नव्हतो त्या दिवशी. बाबा बोलले तुले, अन् मी डोये मिटून पडलो होतो." आणि लगेच त्याच्या नातीच्या तापाचं सांगू लागला. इतकं सहज त्याने ते देऊन टाकलं, बाबा. ज्याला सगळं मिळालेलं असतं त्याला देणंही सोपं जातं, याचाही मला हेवा वाटला.

खरी किंमत त्याला अजून सांगितलेली नाही. रोज सकाळी फोन हातात घेते आणि दुसऱ्याच कोणाला लावते. हा कागदही कोणाच्या हाती पडणार नाही. तुम्हाला सांगण्यासारखं आणखी एकच आहे. काल दुपारी दार लावून घेतलं, गुडघे दुखत असताना फरशीवर बसले आणि ती लॉरी स्वयंपाकघरापासून देवघरापर्यंत चालवत नेली, तोंडाने इंजिनाचा आवाज काढत.