पॅड कुठे धरायचं

३ मार्च, सोमवार
परत तेच! एकशे अठरा किलोचा माणूस, वय एकोणपन्नास, गुडघा गंजक्या बिजागरीसारखा कुरकुरतो — आणि म्हणे बावीस तारखेला लढणार. निरोपाची लढत! अहो, सहा वर्षांपूर्वीच घेतला की निरोप. फोटो लागलाय आमच्या किकबॉक्सिंगच्या हॉलच्या भिंतीवर.
म्हटलं, "मास्तर, कशाला?"
"तू पॅड धर. डोकं माझं मी वापरतो."
वापरतात कुठे!

५ मार्च
मास्तरांनी विजेतेपदाचा पट्टा जिंकल्याची गोष्ट आज परत ऐकली. गोदामात फ्रिज उचलणारा पोरगा, बाविसाव्या वर्षी पहिली किकबॉक्सिंगची लढत, एकूण एकेचाळीस, त्यातल्या तेहतीस जिंकल्या. सगळं खरं आहे. फक्त पट्ट्याच्या लढतीतला तो समोरचा गडी रोज वाढतो. परवा सहा फूट चार होता, आज सहा फूट सात. महिनाअखेर छताला लागणार.

६ मार्च
पॅडची गादी पुढे धरून लाथा खायच्या मी, मालिश त्यांना. पाठ गेली.

८ मार्च, शनिवार
मास्तरांची बायको, काकू, हॉलवर आल्या. दारात उभ्या राहून पॅडवरच्या लाथा ऐकत होत्या. जाताना मला म्हणाल्या, "डाव्या डोळ्याला नीट दिसत नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून भांडतेय मी त्यांच्याशी, लढू नका म्हणून. पण आवाज तर दणदणीत येतोय रे! मीच मेली घाबरट. आता नाही अडवत."
आणि मी मान डोलावली!
इथे लिहितो, दुसरं कुठे बोलणार? आवाज त्यांचा नाही. माझा आहे. पॅडवाल्यानं पॅड जिथे धरायला हवं तिथेच धरायचं, लाथ चुकली तर चुकू द्यायची — पहिल्या दिवशी मास्तरांनीच शिकवलं. पण डावीकडून मारलेली त्यांची लाथ वीतभर चुकते. आठ महिन्यांपूर्वी अशीच चुकली, तर दिवसभर जेवले नाहीत. मला बघवेना. दुसऱ्या दिवशी मीच पॅड लाथेपुढे नेलं. फाट्! काय खूश झाले! मग रोज तेच.
म्हणजे ही लढत मीच लावली. सातवी नापास माणसाची अक्कल!

९ मार्च
आक्काचा घरून फोन. तिला तेवढं सांगितलं.
"सांग खरं आणि मोकळा हो."
"नोकरी जाईल."
"मग ये इकडे. इथे कोण तुला लाथा मारतंय?"
"तू!"
ती हसली. मला नाही आलं हसू.

११ मार्च
वाक्य पाठ करून गेलो. मास्तर आरशासमोर. "बघ, पोट आत गेलं!"
"गेलं," म्हणालो आणि परत आलो. गाढव आहे मी.

१३ मार्च, गुरुवार
आज पॅड हलवलं नाही.
पहिली लाथ हवेत. "नीट धर!" दुसरी हवेत. तिसरी माझ्या कोपरावर. दोरीवर उड्या मारणारे सगळे थांबले. मास्तर धापा टाकत बघत राहिले.
"कधीपासून?"
"आठ महिने."
"उद्यापासून येऊ नकोस."
कोपर टमाटर झालंय. शाबास!

१६ मार्च
नवा पॅडवाला ठेवला. हॉलसमोरून गेलो तर रस्त्यापर्यंत ऐकू येतंय — फाट्, फाट्! हा माझ्याहून चलाख! तिथूनच काकूंना फोन लावला, सगळं सांगितलं.

१७ मार्च
काकूंचा फोन. "बोलले रे मी. रडलेसुद्धा मी. म्हणतात, शब्द दिलाय, आता माघार नाही."
कुणाच्या बापाला दिलाय शब्द! या माणसापुढे डोकं फोडावं तर भिंत बरी.

२१ मार्च
मास्तर खोलीवर आले. चार मजले, त्या गुडघ्यानं! पाणीही नको म्हणाले. माझ्या हातात पांढरा टॉवेल ठेवला. रिंगच्या कोपऱ्यात लढणाऱ्याच्या बाजूनं उभ्या माणसानं हा आत टाकला की लढत तिथेच संपते, लढणारा हरला.
"उद्या माझ्या कोपऱ्यात तू."
"आणि नवा?"
"तो टाकणार नाही. तू टाकशील."
उतरताना कठडा धरून एकेक पायरी मोजत गेले.
म्हणजे उद्या मास्तरांना हरवायचं, तेही मीच!